प्लायच्या फिश टँकची गळती

१९ मिमी मरीन प्लायची टाकी, समोर काच. पाणी भरलं की खालचा कोपरा ओला. नुसतं सिलिकॉन (सांधे बुजवायचा रबरासारखा लेप) लाकडावर टिकत नाही. प्लाय फुगतो-आक्रसतो आणि पट्टी सुटते. टाकी खडखडीत वाळवली, जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं, सांध्यांवर फायबरग्लासची (काचतंतूंच्या कापडाची) पट्टी इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये, भिजवून बसवली. बुडबुडे ब्रशने ठोकून काढायचेच, पाणी तिथूनच वाट काढतं. मग आतून इपॉक्सीचे हात; प्लायच्या कापलेल्या कडा ते अधाशासारखं पितात, तिथे जास्त. पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर धरतो. काचेला साधं सिलिकॉन. बाथरूमचं बुरशीरोधक मुळीच नको, माशांना घातक. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावरच पाणी भरलं. पहिलं पाणी ओतून दिलं, मासे नंतर.