इंग्रजीत लिहिताना अडणाऱ्या विद्यार्थ्याला शेजारी बसून मदत कशी करावी?

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत 'रायटिंग सेंटर' असतं. विद्यार्थी आपला मसुदा घेऊन येतो आणि ट्यूटर अर्धा ते एक तास शेजारी बसून त्यावर बोलतो. ट्यूटर बहुधा स्वतःही विद्यार्थीच असतो. शिकायला गेलेली मराठी मुलंमुलीही हे काम करतात. नव्या ट्यूटरला सहसा शिकवतात की उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. घरात इंग्रजी बोलणाऱ्याला 'हे वाक्य कानाला कसं वाटतंय?' असं विचारलं की चूक लगेच ऐकू येते. पण जो इंग्रजी वर्गात शिकला, त्याच्या कानाला ते वाक्य बरोबरच वाटतं. मग तो अंदाज बांधत बसतो आणि वेळ निघून जातो. म्हणून माझं सांगणं असं: अर्थ विद्यार्थ्याला विचारा, भाषेचे नियम मात्र सरळ सांगून टाका.

आधी असाइनमेंटचा कागद पाहा. प्राध्यापकांनी नेमकं काय मागितलंय, कधी द्यायचंय, कशाची धास्ती वाटतेय, हे विचारून घ्या. बरेच जण 'फक्त ग्रामर बघा' म्हणतात. आपल्याकडची मुलं तर समवयस्क ट्यूटरलाही 'मॅम, तुम्हीच करेक्ट करून द्या ना' म्हणतात. ही मागणी झिडकारू नका. व्याकरणावरून आपली हुशारी जोखली जाईल ही भीती त्यामागे असते, आणि ती खोटी नाही. 'आधी मुद्दा पाहू, मग व्याकरण' असं सांगा आणि व्याकरणासाठी खरोखरच वेळ राखून ठेवा.

मसुदा तुम्ही मोठ्याने वाचा. परक्या भाषेत वाचताना विद्यार्थ्याचं सगळं लक्ष उच्चारांकडे जातं. तुम्ही वाचलंत की वाचक कुठे अडखळतो ते त्याला समजतं. तिथे खूण त्यालाच करू द्या. पेन त्याच्याच हातात हवं.

वाक्य कळलं नाही तर दुरुस्त करू नका, विचारा. या कामातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ट्यूटर अर्थाचा तर्क करतो, सफाईदार वाक्य सुचवतो, विद्यार्थी संकोचाने मान डोलावतो आणि त्याचा मूळ मुद्दा नाहीसा होतो. 'तुला असं म्हणायचंय, की तसं?' असे दोन अर्थ समोर ठेवा. 'दोन्ही नाही' हे उत्तर आलं तर उत्तमच. विद्यार्थी मराठी असेल तर 'मराठीत सांग बरं' म्हणा. पानभर गुंतलेला विचार अनेकदा दोन-तीन वाक्यांत मोकळा होतो. तो त्याच्याकडूनच इंग्रजीत लिहून घ्या.

रचनेबद्दलही स्पष्ट बोला. अमेरिकन प्राध्यापकांना मुख्य विधान बहुधा सुरुवातीलाच हवं असतं. पार्श्वभूमी मांडत सावकाश मताकडे येणारा लेख वाईट नसतो, तिथल्या वाचकाची अपेक्षा वेगळी असते. हे कुणी सांगितल्याशिवाय बाहेरून आलेल्याला कळणार कसं?

व्याकरणात चुकांचे नमुने शोधा. सगळ्या चुका दाखवल्या तर एकही लक्षात राहत नाही. दोन-तीन प्रकार निवडा. पहिल्या परिच्छेदात चूक दाखवून नियम सांगा, दुसऱ्यात फक्त ओळ दाखवा, तिसरा त्याला एकट्याला तपासू द्या. नियम सांगता येतो अशा चुका आधी घ्या: कर्त्याप्रमाणे क्रियापद, काळ, 'रिसर्चेस', 'इक्विपमेंट्स' यांसारखी अनेकवचनं. 'डिस्कस अबाउट' दिसलं तर 'इथे अबाउट येत नाही' एवढं सांगून पुढे जा. त्यावर कोडी घालू नका. 'अ' (a) आणि 'द' (the) या आर्टिकलांबाबत मात्र धीर धरा. मराठी, चिनी, रशियन या भाषांत आर्टिकल नाहीत आणि ती अंगवळणी पडायला वर्षं लागतात. अर्थ बदलत असेल तिथेच थांबा.

उसनी वाक्यं दिसली तर आरोप करू नका. एखादा परिच्छेद अचानक फार सफाईदार होतो. 'मूळ लेखकाने हे इतकं छान मांडलंय, मी काय बदलू?' हा प्रामाणिक प्रश्न असतो. स्रोत बाजूला ठेवायला सांगा, मजकूर तोंडी सांगू द्या, मग तोंडी सांगितलं तेच स्वतःच्या शब्दांत लिहू द्या आणि संदर्भ द्यायला लावा. नियम मोडल्यास तिथे कारवाई होऊ शकते, हेही लपवू नका.

शेवटची पाच मिनिटं त्याची. घरी जाऊन काय करणार, हे त्याने स्वतः लिहावं. सरावासाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या मोफत ऑनलाइन रायटिंग लॅबमधलं त्याच्या चुकीपुरतं एकच पान सुचवा. 'आता किती मार्क मिळतील?' या प्रश्नाला उत्तर देऊ नका, ते प्राध्यापकांचं काम आहे. पुढची वेळ मात्र तो उठण्याआधीच ठरवून घ्या.