कंडेन्सर मागा, कपॅसिटर मिळेल

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला नंबर लागला तेव्हा दहावीपर्यंतचं माझं सगळं शिक्षण मराठीत झालेलं होतं. विद्युतधारा, विभवांतर, रोध हे शब्द घोकून मार्कही बरे मिळवले होते. आयटीआयच्या पहिल्याच आठवड्यात ते सगळे मागे पडले आणि त्यांच्या जागी करंट, व्होल्टेज, रेझिस्टन्स आले. ते जरा तोंडात बसतायत तोवर संध्याकाळी परळच्या एका रिपेअरिंगच्या दुकानात मदतीला जायला लागलो. तिथे तिसरीच भाषा. कपॅसिटरला, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून ठेवणाऱ्या भागाला, कोणी कपॅसिटर म्हणेना, सगळ्यांचा तो कंडेन्सर. या लायनीत नव्याने येणाऱ्यांना विषय अवघड वाटतो त्यातला निम्मा भाग या नावांच्या गोंधळाचा आहे असं माझं मत आहे.

पहिल्यांदा लॅमिंग्टन रोडला गेलो तो दिवस आठवतो. ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरायचं आणि चालत जायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर समोरचा क्षणभर विचारात पडतो. दुकानातल्या काकांनी चिठ्ठी दिली होती: १०४ दहा, ४के७ वीस, ४००७ दहा, ५४७ दहा. मला वाटलं हे रेट आहेत! काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी बघितली, मागच्या डब्यांतून चिमटीने माल काढला, पुड्या बांधल्या आणि विचारलं, "चार के सात क्वार्टर में ना?" मी मान हलवली. क्वार्टर म्हणजे पाव वॅट, हे परत आल्यावर कळलं.

ती चिठ्ठी समजली की बरंच समजतं. १०४ हा छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवरचा आकडा. पहिले दोन अंक जसेच्या तसे, तिसरा अंक म्हणजे पुढे किती शून्यं. दहावर चार शून्यं, एक लाख पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड (फॅरड हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप). ४के७ म्हणजे ४.७ किलोओहम, ४,७०० ओहमचा रेझिस्टर, करंटला अडवणारा भाग. दशांशाचा टिंब छपाईत पुसला गेला तर ४.७ चे ४७ व्हायचे, म्हणून टिंबाच्या जागी 'के' बसवतात. ४००७ हा डायोड आणि ५४७ हा ट्रान्झिस्टर, दोघांबद्दल पुढे सांगतो. पूर्ण नावं १एन४००७ आणि बीसी५४७, पण बाजारात एवढं कोणी बोलत नाही.

आता कंडेन्सर, कारण घरोघरी बिघडणारी ही पहिली वस्तू. उन्हाळ्यात गिऱ्हाईक येतं, "फॅन हळू फिरतोय, मोटार गेली वाटतं." बहुतेक वेळा मोटार ठणठणीत असते. सिंगल फेजवर मोटार आपणहून फिरायला सुरुवात करू शकत नाही; तिच्या दोन गुंडाळ्यांपैकी एकीतला करंट दुसरीच्या पुढेमागे व्हावा लागतो. ते काम तो कंडेन्सर करतो. छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, म्हणून दुकानात "अडीचचा द्या" एवढंच म्हणतात. वर्षं जातात तशी त्याची क्षमता उतरते आणि पंखा मंदावतो. पूर्ण गेला तर पंखा नुसता गुंगुं करतो आणि काठीने ढकलला की फिरायला लागतो. ही काठीची परीक्षा काकांनी शिकवली, आयटीआयत नाही.

दुसरा प्रकार इलेक्ट्रोलायटिक, उभ्या नळकांड्यासारखा. याला प्लस-मायनस असतं. अंगावरचा पट्टा ज्या बाजूला ती मायनस. मी एकदा एका ॲम्प्लिफायरच्या बोर्डवर तो उलटा लावला, डाग दिला, फुंकर मारली आणि ऐटीत स्विच टाकला. काही सेकंदांनी असा आवाज झाला की शेजारचा पानवाला बघायला आला. दुकानभर कागदाचे कपटे आणि कुबट वास. काका एवढंच म्हणाले, "आता नाही विसरणार." त्यानंतर मी बोर्ड हातात घेतला की आधी फुगलेली डोकी शोधतो. सपाट असायला हवा तो माथा घुमटासारखा वर आला असेल तर तो कपॅसिटर काढायचाच.

आणि एक सांगतो, हे विनोदाने घेऊ नका. टीव्हीच्या किंवा कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. घरातले २३० व्होल्ट एसीचे, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या करंटचे; त्याचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, होऊन कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट साठतात, कारण २३० हा एसीचा सरासरीसारखा आकडा आहे, त्याचं टोक वर असतं. आधी मीटरने मोजायचं, मग बोट घालायचं. शिकत असाल तर असा सप्लाय एकट्याने उघडूच नका.

व्होल्टेज आणि करंट समजावताना सगळे पाण्याच्या टाकीचं उदाहरण देतात. माझं त्याने कधी भागलं नाही. पाइप कापला तर पाणी सांडतं, वायर कापली तर करंट थांबतो, मग साम्य कसलं? मला ते कळलं चार्जरवरून. रोज एक तरी गिऱ्हाईक विचारतं, "माझा चार्जर दोन ॲम्पियरचा होता, हा तीनचा लावला तर फोन जळेल का?" नाही जळत. ॲम्पियर म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा. घ्यायचं किती ते फोन ठरवतो. व्होल्टेज मात्र चार्जर ठरवतो, आणि तिथे चूक चालत नाही. सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा ॲडाप्टर पाच व्होल्टच्या वस्तूला लावला, पिन तर अगदी बरोबर बसली, आणि वस्तू गेली, अशा केसेस मी मोजायच्या सोडल्यात. फास्ट चार्जर नऊ-नऊ व्होल्ट देतो तो कसा, असं विचाराल. तो पाचवरच सुरू होतो, फोनशी बोलणं करून घेतो आणि फोनने हो म्हटलं तरच वर चढतो.

पॉवर बँकेवरचे १०,००० एमएएच (मिलिॲम्पियर-तास) हे आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टवरचे. म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर पाच व्होल्टने काढले की हिशेबाने ७,४०० उरतात, आणि त्यातलेही काही गरम होण्यात जातात. पाच हजार एमएएचचा फोन दोनदा भरत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

एसी हा शब्द मुंबईत भलताच गंडवतो. सरांनी वर्गात सांगितलं, "आपल्या सगळ्या लोकल आता एसीवर चालतात," तर मागून एक जण म्हणाला, "सर, मग आमच्या डब्यात पंखे का?" गाडीतली थंड हवा वेगळी, तारेतला अल्टरनेटिंग करंट वेगळा. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, ती १,५०० व्होल्ट डीसीवर. आता वरच्या तारेत २५,००० व्होल्ट एसी आहे. तेवढीच पॉवर द्यायला करंट साधारण सोळा-सतरा पट कमी लागतो, म्हणून तार हलकी चालते आणि सबस्टेशनं लांब-लांब ठेवता येतात. नव्या गाड्यांत हा एसी आधी कमी करून डीसी केला जातो, तो रेक्टिफायर. मग त्या डीसीचा हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी बनवून मोटारींना दिला जातो, तो इन्व्हर्टर. लाईट गेल्यावर घरातला इन्व्हर्टर यातलं फक्त दुसरं काम करतो, बॅटरीच्या डीसीचा एसी. आणि 'इन्व्हर्टर एसी' म्हणजे लाईट गेल्यावर चालणारा एसी नव्हे. त्यात कॉम्प्रेसरचा वेग याच पद्धतीने कमी-जास्त होतो. हा खुलासा मी दर मे महिन्यात करतो.

डायोड म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारं दार, अंगावरची पट्टी कॅथोडकडे, म्हणजे करंट बाहेर पडतो त्या बाजूला. एलईडी हाही डायोडच, फक्त उजेड देणारा. नऊ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी थेट लावलात तर क्षणभर छान दिसेल. एलईडीला दोन व्होल्ट लागतात, उरलेले सात रेझिस्टरने झेलायचे. १५ मिलिॲम्पियर धरले तर साधारण ४६७ ओहम येतात, बाजारात ४७० मिळतो. त्याच्या अंगावरचे रंगीत पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. ट्रान्झिस्टर म्हणजे आजोबांचा बातम्यांचा रेडिओ नाही, हे मला आयटीआयतच कळलं. छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा तो तीन पायांचा भाग. तो ज्या रेडिओत होता त्यालाच लोकांनी ते नाव दिलं.

गिऱ्हाईक कुठल्याही बिघाडाला "शॉर्ट झालंय" म्हणतं. निम्म्या वेळा उलट असतं, वायर आतून तुटलेली, म्हणजे ओपन. शॉर्ट म्हणजे करंटला नको तो जवळचा रस्ता मिळाला. ओपन म्हणजे रस्ताच संपला. हे ओळखायला मल्टिमीटर घ्या, साधा डीटी८३०डी सुद्धा सुरुवातीला पुरतो, पण घेताना कंटिन्युइटीला, म्हणजे वायर अखंड आहे का ते तपासताना, बीप होतो का ते काउंटरवरच बघा. काही स्वस्त मीटरमध्ये तो नसतो. पहिला महिना काही दुरुस्त करू नका. घरातल्या जुन्या, प्लग काढून ठेवलेल्या वायरी तपासा. माझी पहिली दुरुस्ती आईच्या इस्त्रीची वायर होती, प्लगजवळ आतून तुटलेली. चार इंच कापून पुन्हा जोडली. अर्थिंगची वायर जोडायला विसरलो होतो, ते काकांनी बघितलं आणि मला पुन्हा घरी पाठवलं.