होम थिएटर घेताय? आधी मागची बाजू बघा, या चुका टाळा

मावशीकडे दिवाळीत होम थिएटर आला. आवाज दणदणीत, पण दर पाच-दहा मिनिटांनी टीव्हीवरचं चित्र सेकंदभर काळं पडायचं. दुकानातला माणूस दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा सेटटॉप बॉक्सवर खापर फोडून गेला. शेवटी मी टीव्हीमागे टॉर्च मारला. भिंतीतल्या पाइपातून बारा मीटरची साधी एचडीएमआय केबल, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर, ओढली होती. मी दोन मीटरची केबल वरूनच जोडून पाहिली. रात्रीपर्यंत चित्र एकदाही गेलं नाही.

साध्या तांब्याच्या केबलवर फोर-के ६० फ्रेम्सचं (खूप बारीक, सेकंदाला ६० वेळा बदलणारं) चित्र पाच-सहा मीटरपलीकडे भरवशाचं राहत नाही. चित्रात चमकणारे ठिपके दिसले किंवा ते मधेच गेलं, तर सगळ्यात आधी केबल बदलून बघा.

दुकानात सगळे वॅट विचारतात. तुम्ही सेट उलटा फिरवायला सांगा आणि एचडीएमआयची भोकं मोजा. कित्येक सेटना एकच असतं, ‘आउट’ लिहिलेलं. म्हणजे सेटटॉप बॉक्स, गेमचं मशीन, सगळं टीव्हीलाच लावावं लागणार. टीव्हीला दोनच पोर्ट असतील तर त्यातला एक होम थिएटरच खातो. मग बाकीच्यांनी जायचं कुठे?

चित्र आहे पण आवाज नाही, ही तक्रार तर घरोघरी. टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ छापलंय, केबल त्यातच हवी. टीव्हीचा आवाज त्याच केबलने उलट होम थिएटरकडे नेणारी ही सोय; ‘ई-एआरसी’ ही तिचीच सुधारित आवृत्ती. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू करा. सॅमसंग त्याला ‘एनीनेट प्लस’ म्हणतं, एलजी ‘सिमप्लिंक’.

ई-एआरसीसाठी जादा पैसे मोजावेत का? फक्त ओटीटी बघत असाल तर बहुतेक वेळा गरज नाही. तिथला अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या स्वरूपातून येतो आणि टीव्हीची साथ असेल तर साध्या एआरसीवरही चालतो. ब्लू-रे डिस्कचा ट्रू-एचडी, म्हणजे काहीही न गाळलेला, आवाज टीव्हीमार्फत न्यायचा असेल तर मात्र ई-एआरसीच लागतं. टीव्हीच्या ‘ऑप्टिकल’ लिहिलेल्या, फक्त आवाजाच्या पोर्टला लागणाऱ्या वायरीतून हे दोन्ही आवाज जात नाहीत, आणि चित्र तर मुळीच नाही.

जुना रिसीव्हर (सगळी यंत्रं जोडून स्पीकर चालवणारा डबा) स्वस्तात मिळतोय? त्याला एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) आहे का ते विचारा. नसेल तर त्यातून नेलेलं फोर-के चित्र अडतं, टीव्ही कितीही नवा असो.

खोक्यावर नुसतं एचडीएमआय ‘२.१’ वाचून खूश होऊ नका. तो आकडा असूनही सेकंदाला ४८ गिगाबिटचा पूर्ण वेग नसू शकतो. १२० फ्रेम्सचे गेम खेळायचे असतील तर ‘फोर-के १२०’ नेमकं कोणत्या पोर्टवर चालतं, ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

मावशीकडे आता ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल टाकली आहे (वरची फक्त आवाजाची ऑप्टिकल वायर वेगळी). तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक होम थिएटरला, ‘डिस्प्ले’ टीव्हीला. पाइपात घालण्याआधी ती जमिनीवरच जोडून तासभर चालवून पाहिली, कारण उलटी ओढली असती तर सगळी परत बाहेर काढावी लागली असती.