घरातल्या शिव्या कशा आवरायच्या: एका गिरणीवालीचं सांगणं

घरातून शिवी कायमची काढून टाकायची असं ठरवून बसला असाल तर तो नाद सोडा. आमच्या बीड जिल्ह्यात तरी ते होणार नाही. इथं बैल अडला की शिवी, लाईट गेली की शिवी, आणि नातू दिसला की लाडानं शिवी. मी अंबाजोगाईत पिठाची गिरणी चालवते. घर वर, गिरणी खाली. दळणाला येणारी माणसं मोटारीच्या आवाजावर चढून बोलतात आणि घरातली लेकरं जिन्यात बसून सगळं ऐकतात. त्यामुळं या विषयात बोलायचा थोडा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

माझं म्हणणं एवढंच की शिवी किती घाण आहे ते मोजत बसू नका. ती कुणाच्या अंगावर पडते ते बघा, आणि त्यावरून काय चालू द्यायचं, काय बंद करायचं ते ठरवा.

सुरुवातीला आठवडाभर कुणालाच काही बोलू नका, नुसतं ऐका. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवलं तरी चालेल: कोण बोललं, कुणाला, कशावरून. कागदावर आलं की कळतं, घरातल्या निम्म्या शिव्या माणसाला नसतातच. आमच्याकडं जास्तीत जास्त शिव्या खातो तो गिरणीचा पट्टा. तो निसटला की आमच्या ह्यांचं तोंड सुटतं. गिरणीच्या दगडाला टाकी लावायचा, म्हणजे छिन्नीनं तो खडबडीत करायचा दिवस असला तर विचारूच नका. छिन्नी घसरून बोटावर बसली की मुडद्या, भाड्या, वाटोळं झालं तुझं, सगळं त्या दगडाला. दगड काही मनावर घेत नाही. हे चालू द्या. माणसाला कुठंतरी वाफ सोडावी लागते.

मग येतात म्हाताऱ्या माणसांच्या लाडाच्या शिव्या. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नातवाला जेवायला हाक मारतात ती अशी: "ये मुडद्या, गिळ आता!" आणि हे म्हणत म्हणत ताटात तुपाची धार सोडतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईला सुधारायला जाऊ नका, आणि लेकरांसमोर तर मुळीच नाही. तिचा अपमान होतो आणि पोरांना तमाशा मिळतो. सुधारायचं ते पोरांना. माझ्या पोरानं एकदा विचारलं, "आजी म्हणती, मग मी कामून नाही म्हणायचं?" मी म्हटलं, "आजी नऊवारी नेसती, तू नेसतो का?" विषय संपला. आजीचं ते आजीचं, हा नियम लेकरांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतो.

यात एक अडचण आहे, ती सांगून ठेवते. जुन्या शिव्यांत मरणाच्या शिव्या लई. मढं निघो, पटकी येवो, मसणात जा. वर्षानुवर्षं कुणाला काही वाटलं नाही. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीतली तरणी माणसं गेली. त्यानंतर एका दुपारी नातू उन्हात हुंदडताना दिसला आणि आत्याबाईंच्या तोंडून "तुझं मढं..." एवढं निघालं. पुढचा शब्द त्यांनी गिळला. इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुझं... तुझं डोकं तापंल, सावलीत ये." त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून म्हाताऱ्यांच्या मागं लागू नका म्हणते. त्यांना जेव्हा सोडायची तेव्हा त्या स्वतः सोडतात.

आता बंद करायच्या शिव्या. आई-बहिणीवरच्या पहिल्या. दुसऱ्या, ज्यांना कुणी शिवी म्हणतच नाही, त्या जातीच्या. लेकरू धुळीत माखून आलं की बाया सहज बोलून जातात, "काय अवतार हा, अगदी अमक्यासारखा!" आणि त्या अमक्याच्या जागी जातीचं नाव असतं. बोलणाऱ्या बाईला आपण काही वाईट बोललो असं वाटतसुद्धा नाही. लेकराच्या डोक्यात मात्र ती जात आणि घाण यांची जोडी बसते. असं वाक्य घरात कुणाच्याही तोंडून निघालं, सासूच्या निघालं, पाहुण्याच्या निघालं, तरी तिथंच थांबवायचं. "नुसतं घाण झालास म्हणा" एवढं म्हणायचं आणि लेकराला न्हाणीत पाठवायचं. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा जातीवरून अपमान चारचौघांत झाला तर लागतो. स्वयंपाकघरात तो कोण लावणार? तिथं आपणच बोलायचं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ साली झाला तेव्हा याच मुलखात दलितांची घरं जळाली, आणि नामविस्तार व्हायला १९९४ साल उजाडलं. आपल्याकडं हे शब्द हलके नाहीत.

आई-बहिणीवरची शिवी गड्यांच्या तोंडातून काढणं हे खरं चिवट काम. चारचौघांत टोकलं की गडी माणूस ताठतो आणि मुद्दाम दुप्पट देतो. मी ह्यांना रात्री, जेवणं झाल्यावर, गिरणीचा हिशोब लिहिताना म्हटलं, "पोरगी कॉलेजात गेली. तिच्या मैत्रिणी येतात वर, जिन्यातून सगळं ऐकू जातं." एवढंच. बायकोचं ऐकायचं की नाही यावर गडी विचार करतो, लेकीसमोर मात्र त्याला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी पट्टा निसटला तेव्हा तोंड उघडलं होतं खरं, पण बाहेर आलं ते "तुझ्या... तुझ्या पट्ट्याच्या!" खाली दळणाला बसलेला म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून घरात तीच शिवी चालू आहे. शिवी काढून घ्याल तर तिच्या जागी काहीतरी द्या. पण ते तुम्ही सुचवू नका, ज्याचं त्याला सापडू द्या. बायकोनं सुचवलेली शिवी कुणी देत नसतं.

लहान लेकरानं पहिली शिवी दिली की चार गोष्टी टाळा. हसू नका. मोबाईल काढून व्हिडिओ करू नका. आमच्या गल्लीतल्या एका पोराची शिवी आख्ख्या भावकीच्या ग्रुपवर फिरली, मग ते पोरगं पाहुणे आले की स्वतःहून म्हणून दाखवायला लागलं. "कुठं शिकलास?" म्हणून चौकशी बसवू नका. आणि तोंडात मिरची घालणं, चटका देणं हे जुने उपाय तर अजिबात नकोत. त्यानं लेकराला एवढंच कळतं की हा शब्द भारी ताकदीचा आहे. कोरड्या आवाजात "हे आपल्या घरात चालत नाही" म्हणायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. कुणी बघत नाही म्हटल्यावर पोरं कंटाळतात.

इथं ऊसतोड्यांच्या लेकरांबद्दल बोलायलाच पाहिजे. माझं माहेर धारूर तालुक्यातलं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं, आणि गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत येतं. सोबत गेलेली लेकरं चार-पाच महिने कोप्यावर, म्हणजे तोडीवरच्या झोपड्यांत, राहिलेली असतात. तिथं त्यांनी काय ऐकलं? आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून मजूर नेणारा मुकादम त्यांच्या बापाला देतो त्या शिव्या. बाप खाली मान घालून ऐकतो, हेही त्यांनी बघितलेलं असतं. ती लेकरं शाळेत येऊन तसंच बोलली की बाकीच्या आया म्हणतात, "त्याच्यासोबत खेळू नको, तोंड लई घाण आहे त्याचं." असं म्हणू नका. आपल्या पोराला सांगा, तो शब्द आपण वापरायचा नाही, त्या पोराची सोबत मात्र सोडायची नाही. शेजारच्या लेकराला आपल्या घरात खेळायला बोलवा. ज्या घरात शिवी चालत नाही तिथं आठवडाभरात त्याचं त्याला कळतं.

वयात आलेल्या पोरांचं वेगळं. त्यांच्या शिव्या हिंदीत असतात, रीलमधून आणि गेममधून आलेल्या. कानाला हेडफोन असला की त्यांना वाटतं घरात कुणी नाहीच. माझा उपाय सोपा आहे: गेम खेळायचा तर हेडफोन काढून, बैठकीत, सगळ्यांच्या कानावर पडेल असा. पलीकडच्या मित्राची शिवी आजीच्या कानावर गेली की आपला पोरगाच लाजून आवाज कमी करतो. शिवाय त्याला कायदाही सांगून ठेवा. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम २९६ प्रमाणं सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असं अश्लील बोललं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बसस्टँडवर टोळक्यानं उभं राहणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं. "आयला" मात्र मी सोडून दिलंय. त्याच्या मागं लागलात तर दुसरं काहीच काम होणार नाही.

दंड लावावा का, हे बऱ्याच जणी विचारतात. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी दिली की पाचशे रुपये दंड. मला तो ठराव आवडला, कारण बोट बरोबर जागी ठेवलंय. घरात पैशाचा दंड मात्र लावू नका. दंड भरणार तो नवरा, आणि पैसे माझ्याच गल्ल्यातले! कामाचा दंड लावा. आमच्याकडं आई-बहिणीवरची शिवी दिली की संध्याकाळी गिरणी झाडायची. पिठाची भुकटी नाकातोंडात जाते, भुवया पांढऱ्या होतात, आणि घरातले सगळे विचारतात, "आज काय बोललास रे?" पोरगी, पोरगा, नवरा, सगळ्यांना एकच नियम.

वर्षातला एखादा दिवस मोकळा ठेवलात तर बाकीचे दिवस सोपे जातात. आमच्या शेजारच्या केज तालुक्यात विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांची माळ घालून मिरवतात, आणि मग नव्या कपड्यांचा आहेर करतात. जावई रुसत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं की आज तेवढं चालतं. आमच्या घरी धुळवडीला आंघोळ होईपर्यंत काय बोलायचं ते बोला. आंघोळ झाली की बंद.

एक गोष्ट यात मिसळू नका. नवरा किंवा सासू रोज "वांझोटी" म्हणत असेल, मुलगाच नाही म्हणून टोचत असेल, माहेरावरून घालूनपाडून बोलत असेल, तर त्याला घरगुती शिव्या समजून वरचे उपाय करत बसू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात असलं बोलणं हिंसाच धरलंय, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं तर त्यात नाव घेऊन लिहिलंय. १८१ या महिला हेल्पलाईनवर फोन करा, नाहीतर संरक्षण अधिकाऱ्याकडं जा.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. बाहेरून आलेला माणूस आपल्या घरात सुटला तर पहिल्यांदा नुसतं "दादा, लेकरं आहेत" म्हणा. बहुतेकांना तेवढं पुरतं. नाही पुरलं तर लेकरांना उठवून आत पाठवू नका, तसं केलं की शिक्षा लेकरांना झाल्यासारखी होते. पाहुण्यालाच म्हणा, "चला, खाली गिरणीत बसू, तिथं मोकळं बोला." खाली मोटार चालू असते. तिथं त्यानं काहीही म्हटलं तरी मलासुद्धा ऐकू येत नाही.