चर दोन फुटांचा, नुकसान अख्ख्या लेनचं: रस्ता खोदणाऱ्या कंपन्यांकडून शुल्क घेताना या चुका टाळा

पालिकेच्या झोन ऑफिसात खोदकाम परवानग्यांचं टेबल मी काही वर्षं सांभाळलं. अर्ज येतो, सोबत नकाशा आणि त्यावर लाल रेघ. लांबी गुणिले रुंदी गुणिले दर, की डिमांड नोट, म्हणजे पैसे भरायची सूचना, तयार. पाच मिनिटांचं काम. पालिकेचं नुकसानही याच पाच मिनिटांत पक्कं होतं.

कारण आपण मोजतो फक्त चर. समजा केबलसाठी १०० मीटर लांब आणि ०.६ मीटर रुंद चर खोदला. आकारणी झाली ६० चौरस मीटरची. पण चराच्या दोन्ही कडांची माती आधार सुटल्यामुळे आत सरकते आणि वरचं डांबर अधांतरी राहतं. नीट दुरुस्ती करायची तर दोन्ही बाजूंना निदान ३० सेंटिमीटर जादा कापून वरचे थर नव्याने टाकावे लागतात. म्हणजे रुंदी १.२ मीटर, क्षेत्र १२० चौरस मीटर. शुल्क बरोबर निम्म्याचं घेतलं! आणि चर चाकांच्या पट्ट्यात आला असेल तर पूर्ण लेनच उकरावी लागते. साडेतीन मीटरची लेन धरा, ३५० चौरस मीटर. ही तफावत शेवटी घरपट्टी भरणाऱ्याच्या खिशातून जाते.

सिमेंट रस्त्यांवर हा हिशेब आणखी फसतो, आणि नागपुरात आता असे रस्ते गल्लोगल्ली आहेत. डांबर आणि सिमेंटला वेगळा दर लावला की काम झालं, असं आम्हालाही वाटायचं. पण सिमेंटचा रस्ता पॅनेलचा असतो. साडेतीन बाय साडेचार मीटरच्या पॅनेलला ०.६ मीटरचा आडवा छेद दिला, तर कापलं २.१ चौरस मीटर. बदलायला हवं १५.७५. मधे ठिगळ लावलं की त्याच्या कोपऱ्यांतून तडे निघतात. सांध्यातले डॉवेल बार, म्हणजे दोन पॅनेल जोडणाऱ्या लोखंडी सळया, कापले गेले असतील तर शेजारचं पॅनेलही उचकतं. म्हणून सिमेंटवर आकारणी सांध्यापासून सांध्यापर्यंत करा. कंपनीचा माणूस कुरकुरेल. त्याला जमिनीखालून आडवं ड्रिलिंग करायला सांगा; मशीन लावायला खड्डे लागतीलच, पण मोजकेच. शुल्क खरं असलं की तो पर्याय त्याला आपोआप स्वस्त वाटू लागतो.

रस्त्याचं वय न बघणं ही जुनी खोड. मागच्या उन्हाळ्यात डांबरीकरण झालेला रस्ता आणि बारा वर्षांचा चाळणी झालेला रस्ता, दोघांना एकच दर. सॅन फ्रान्सिस्कोत नव्या रस्त्यावर पाच वर्षं खोदकामाला सहसा परवानगीच मिळत नाही. आपल्याकडे निदान कोणता रस्ता कधी झाला याचं रजिस्टर झोनमध्ये असावं. अनेकदा ते फक्त जुन्या जेईच्या (कनिष्ठ अभियंत्याच्या) डोक्यात असतं, आणि त्याची बदली होते.

आता शुल्काचं नाव. त्याला ‘दंड’ म्हणू नका, मनाने नवीन उपकरही लावू नका. वीज कंपनीच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे: वीज कायदा २००३ चं कलम ६७ म्हणतं की कमीत कमी नुकसान करा आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्या. टेलिकॉमचं वेगळं. २०१६ च्या केंद्रीय नियमांत अर्जाचं शुल्क किलोमीटरमागे जास्तीत जास्त १,००० रुपये होतं, आणि ६० दिवसांत उत्तर न दिल्यास परवानगी मिळाली असं धरलं जायचं. १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या जागी २०२४ चे नियम आले. जुन्या-नव्या दोन्ही नियमांचा रोख एकच: रस्ता पूर्ववत करायचा खर्च घ्या, वर कमाई करू नका. तेव्हा तो खर्चच नीट काढा, चालू दरसूचीने आणि मोजमापासह. आणि फाइल झोपू देऊ नका.

‘आम्हीच बुजवून देतो’ असं कंपनी म्हणाली की हायसं वाटतं. इथेच सावध व्हा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. ठेकेदार तीच माती, विटांचे तुकडे आणि कधी चहाचे कप यांसह परत ढकलतो, वर मुरूम टाकून जेसीबीच्या बकेटने थोपटतो. नागपुरातल्या खामल्याच्या एका गल्लीत असा चर पहिल्याच पावसात वीतभर बसला, आणि त्यात ऑटोचं पुढचं चाक गेलं. काळी माती उचलून न्यायची, मुरूम १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थरावर पाणी आणि भराव दाबायचं यंत्र (कॉम्पॅक्टर), ही अट परवानगीपत्रातच लिहा. वाळू ओतून घनता मोजायची चाचणी जागेवरच होते. ती झाल्याशिवाय डांबर टाकू देऊ नका.

रस्ता तरीही बसला, तर भांडायच्या आधी दोष ओळखा. पूर्ण चर सारखा खाली गेला असेल तर भरावाची कुटाई झालेली नाही. मधला भाग ठीक आणि दोन्ही कडांना लांब रेघा असतील तर कडा कटरने सरळ कापल्या नाहीत, किंवा नवं-जुनं डांबर चिकटलेलं नाही. पाऊस नसताना तिथे ओल दिसली तर खोदताना पाण्याच्या लाइनला धक्का बसलाय. वरून डांबर ओतून काही होणार नाही.

अनामत रक्कम मार्चमध्ये परत करणं हा शुद्ध बावळटपणा. काम डिसेंबरमध्ये झालेलं, रस्ता गुळगुळीत, सही होते. काळ्या मातीतला चर दोन पावसाळे पाहिल्याशिवाय खरं बोलत नाही. आधीचे आणि नंतरचे फोटो, तारखेसह, फाइलला लावा. नाहीतर ‘रस्ता आधीच खराब होता’ हे ऐकून घ्यावं लागतं. जमा झालेली रक्कम वेगळ्या लेखाशीर्षात ठेवा. साधारण निधीत गेलेला पैसा त्या रस्त्यावर परत आलेला मी तरी पाहिला नाही.

राहता राहिली आपली स्वतःची खोदाई. पाण्याच्या आणि गडरच्या (सांडपाण्याच्या) लाइनसाठी पालिका जितकं खोदते, त्याचा खर्च कोणत्याच विभागाच्या अंदाजपत्रकात नीट दिसत नाही. कंपनीचा वकील नेमकं यावरच बोट ठेवतो. ‘कार्यालयीन काम, शुल्क निरंक’ हा शेरा मी स्वतः कितीदा मारला, मोजलेलं नाही.