गोव्यात पहिला कामगार नेमताना या चुका टाळा

भविष्य निर्वाह निधी 20 माणसे झाल्यावर आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य व अपघात विमा) 10 माणसे झाल्यावर लागू होतो, हे आकडे गोव्यातल्या बहुतेक छोट्या दुकानदारांना पाठ असतात आणि त्यावरूनच "आमच्याकडे तर एकच मुलगा आहे, आम्हाला कायदा कुठला?" असा समज पक्का होतो. दुकानांचे हिशेब लिहिताना माझ्यासमोर जी भांडणे आली, त्यांतल्या बऱ्याच भांडणांचे मूळ याच समजात होते. किमान वेतन, वेळेवर पगार, जादा कामाचा दुप्पट दर आणि स्त्री-पुरुषांना समान वेतन ही बंधने पहिल्या माणसापासून लागू होतात. पूर्वी किमान वेतन ठरावीक धंद्यांपुरते होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने तीही मर्यादा काढून टाकली आहे.

पंचायतीचा परवाना म्हणजे नोंदणी नव्हे

पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना आणि जीएसटी क्रमांक असला की सगळे कागद झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी वेगळी असून ती कामगार खात्याकडे करावी लागते. गोव्याचा हा कायदा 1973 सालचा आहे, त्यामुळे सिंधुदुर्ग किंवा कोल्हापूरच्या ओळखीच्या माणसाकडून आलेला महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याचा नमुना इथे चालत नाही. अशाच उसन्या पगारपत्रकामुळे दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापलेला मी पाहिला आहे. गोव्यात व्यवसाय कर नाहीच, म्हणजे ती कपात बेकायदेशीर होती आणि सगळी रक्कम त्या मुलाला परत द्यावी लागली.

जेवण, खोली आणि "हातात इतके"

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. म्हापशाच्या बाजारात एका खाणावळीच्या मालकाने स्वयंपाकघरातल्या मदतनिसाला दोन वेळचे जेवण आणि मागची खोली देऊन किमान वेतनापेक्षा कमी रक्कम ठरवली होती. मालकाचा हेतू वाईट नव्हता. जेवणखाण धरले तर पगार भरपूरच होतो, असे त्याला मनापासून वाटत होते. मात्र वेतन रोख, धनादेश किंवा बँकेतून द्यायचे असते. ताटातल्या जेवणासारखे वस्तुरूपात दिलेले फार तर एकूण वेतनाच्या 15 टक्क्यांपर्यंतच वेतनात मोजले जाते. हंगाम संपल्यावर मुलाने फरकाची मागणी केली, तेव्हा मालकाने एक लाल वही पुढे केली. तिच्यात तारखा होत्या, "चवथीची उचल" अशी नोंद होती, पण एकाही पानावर मुलाची सही नव्हती.

वेतनाचा दावा दाखल झाला की पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि थकबाकीव्यतिरिक्त तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. म्हणून रक्कम बँकेतून द्या, दर महिन्याला पगारचिठ्ठी द्या आणि पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत पगार चुकता करा. उचल देणे यात काहीच गैर नाही, पण सही घ्या आणि वसुलीचे हप्ते आधीच लिहून ठेवा, कारण एका महिन्यातल्या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. आधीच्या महिन्यांचा कागद राहिला असेल, तर मागच्या तारखा घालून खोट्या सह्या घेऊ नका. दोघांनी बसून आजच्या तारखेने हिशेब लिहा आणि फरक निघाल्यास तो बँकेतून चुकता करा.

"सीझनपुरता आहे" म्हणून कागद नाही

ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळासाठी माणूस ठेवला तरी त्याला नेमणूकपत्र द्या. काम, वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रुजू होण्याची आणि मुदत संपण्याची तारीख एवढे एका पानावर मावते. वयाचा दाखला पाहून त्याची प्रत ठेवा, मूळ कागद कधीही अडकवून ठेवू नका. 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे. राहायला खोली भाड्याने देत असाल तर त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्या.

अपघाताचा विचार नंतर

ईएसआय लागू नाही म्हणजे अपघाताची जबाबदारी नाही, असे होत नाही. उलट डिलिव्हरीसाठी वाहन चालवण्यासारख्या किंवा यंत्रावरच्या कामात ईएसआय नसताना नुकसानभरपाई मालकाला स्वतःच द्यावी लागते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्क्यांना आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्क्यांना वयानुसारच्या गुणकाने गुणून ती ठरते. यासाठी विमा कंपन्यांकडे स्वतंत्र पॉलिसी मिळते. ती माणूस कामावर येण्याच्या दिवशीच सुरू झालेली असावी.

निघून जाणाऱ्याचा पगार अडवणे

न सांगता काम सोडले म्हणून शेवटचा पगार रोखून धरण्याची सवय सर्रास दिसते. राजीनामा असो वा काढून टाकणे, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. शिल्लक उचल तेवढी नियमानुसार वजा करा, उरलेली रक्कम बँकेत जमा करा आणि जमेची पावती नेमणूकपत्राला टाचून ठेवा.