टायटॅनियमच्या इम्प्लांटवरचा संरक्षक थर कसा जपावा

ठाण्यात खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांच्या खिडक्यांची ग्रील रंग देऊनही गंजते, त्यामुळे दाताचे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात घट्ट बसणारे कृत्रिम मूळ, बसवायला आलेले काका-काकू ‘डॉक्टर, हे तोंडात गंजणार नाही ना?’ असे विचारतात, तेव्हा तो प्रश्न मला रास्तच वाटतो. खाडीच्या खाऱ्या हवेतले, लोखंड गंजवणारे क्लोराइड लाळेतही असतेच. तरीही टायटॅनियम टिकते, कारण हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप धरतो आणि ओरखडा पडला तरी क्षणार्धात पुन्हा तयार होतो. धातू शुद्ध, म्हणजे ग्रेड 4 असो किंवा 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम मिसळलेला ग्रेड 5 असो, आपल्याला जपायचा आहे तो हा थर.

या थराला सर्वांत जास्त धोका आम्ल आणि फ्लोराइड एकत्र येण्याचा असतो. आम्लात फ्लोराइडपासून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते आणि ते ऑक्साइड विरघळवते. म्हणून दवाखान्यात फ्लोराइड जेल लावण्यापूर्वी आपल्याला इम्प्लांट आहे हे आवर्जून सांगा, कारण 1.23 टक्के फ्लोराइडचे आम्लयुक्त जेल टाळून उदासीन जेल वापरता येते. रोजची टूथपेस्ट मात्र सोडू नका. उरलेल्या दातांना तिची गरज आहे. कोकम सरबत किंवा लिंबूपाणी प्यायल्यावर आधी साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

हिरडीच्या कडेला साचणारे कीटण रोज मऊ ब्रशने आणि दातांच्या फटीत घालायच्या बारीक इंटरडेंटल ब्रशने काढा, कारण त्यातले जंतू सतत आम्ल तयार करतात. सफाईच्या वेळी इम्प्लांटवर स्टीलचे स्केलर (कीटण खरवडण्याचे हत्यार) फिरवू देऊ नका. प्लास्टिकची किंवा टायटॅनियमचीच हत्यारे मागा. इम्प्लांटवर बसणारी कॅप निवडताना निकेल-क्रोम या मिश्रधातूऐवजी झिर्कोनिया या सिरॅमिकचा विचार करा, कारण दोन वेगळे धातू लाळेत टेकले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊ शकते.

कॅपला इम्प्लांटशी धरून ठेवणारा आतला स्क्रू सैल झाला की सांध्यात सूक्ष्म घर्षण होते आणि थर धरण्याआधीच घासला जातो. सैल झालेली अशी एक कॅप मी उघडली, तेव्हा अ‍ॅबटमेंटच्या, म्हणजे इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणाऱ्या भागाच्या, कडेला काळपट भुकटी चिकटलेली होती आणि आजूबाजूची हिरडी करडी पडली होती. म्हणून कॅप किंचित हलली तरी लगेच दाखवा आणि तोवर त्या बाजूने चावू नका.